पाणी आणि गॅसचे नियम नेमकं कोण लिहितं? व्यावसायिक संघटनांच्या भूमिकेबद्दल चर्चा

प्रवाही

नळाचं पाणी पिण्यालायक असावं, गॅसची लाईन गळू नये हे बघणं सरकारचं काम आहे असं आपण धरून चालतो. कागदावर ते खरंही आहे. पण पाईपची जाडी किती हवी, जोड कुठल्या धातूचा चालेल, सीलचं रबर कुठलं, लाईन चालू करायच्या आधी किती प्रेशरला किती वेळ टेस्ट करायची, हे कायद्यात बहुतेक वेळा नसतंच. कायदा एवढंच म्हणतो की काम मान्य तांत्रिक नियमांनुसार झालेलं असावं. आणि ते मान्य नियम लिहितात कोण, तर त्या त्या धंद्यातल्या संघटना. पाणीपुरवठा करणारे, गॅस कंपन्या, पाईप आणि मीटर बनवणारे, इंजिनियर, प्लंबर. म्हणजे ज्यांच्यावर नियम लागू होणार तेच नियम लिहिणार. हे बरोबर आहे का, यावर इथे नीट बोलूया म्हणून धागा काढलाय.

जर्मनीचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे म्हणून तिथून सुरू करतो. १८५९ मध्ये फ्रँकफर्टला गॅस कारखान्यांच्या तंत्रज्ञांनी संघटना काढली. तेव्हा गॅस म्हणजे कोळशापासून काढलेला, रस्त्यावरचे दिवे पेटवायचा गॅस. १८७० मध्ये पाणीवाले त्यात आले आणि आज ती डीव्हीजीडब्ल्यू म्हणून ओळखली जाते. तिथल्या ऊर्जा कायद्याचं कलम ४९ सांगतं की गॅसच्या यंत्रणेत डीव्हीजीडब्ल्यूचे नियम पाळले असतील तर मान्य तांत्रिक नियम पाळले असं गृहीत धरायचं, विजेसाठी तीच जागा व्हीडीईला, म्हणजे वीज क्षेत्रातल्या तशाच तांत्रिक संघटनेला दिलीय. संसदेने चक्क एका खाजगी संघटनेचं नाव कायद्यात लिहिलंय! तुम्ही दुसऱ्या पद्धतीने काम केलंत तर बंदी नाही, पण मग ते तितकंच सुरक्षित आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर, आणि स्फोट झाल्यावर कोर्टात ते सिद्ध करणं किती अवघड असेल याचा विचार करा. त्यामुळे नावाला ऐच्छिक असलेला नियम प्रत्यक्षात सक्तीचाच होतो.

ब्रिटनमध्ये गॅस मॅनेजरांची संघटना १८६३ ची, स्वित्झर्लंडमध्ये १८७३ ची. अमेरिकेत एडब्ल्यूडब्ल्यूए, म्हणजे पाणीपुरवठावाल्यांची संघटना, १८८१ मध्ये सेंट लुईसला स्थापन झाली आणि तिचं पहिलं स्टँडर्ड १९०८ मध्ये बिडाच्या पाईपांसाठी आलं. सगळीकडे गोष्ट साधारण सारखीच घडलेली दिसते. प्रत्येक शहर आपापल्या मापाचे पाईप ओतून घेतं, एका ठिकाणचा जोड दुसरीकडे बसत नाही, अपघात होतात, मग काम करणारी माणसं वर्षातून एकदा एकत्र बसून अनुभव लिहून काढायला लागतात आणि तीस-चाळीस वर्षांत त्या लिखाणाला नियमाचं वजन येतं. सरकार नंतर येतं आणि जे तयार आहे त्याकडे बोट दाखवतं.

हे चुकीचं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. खड्ड्यात उतरून व्हॉल्व्ह बदलणाऱ्यांना जे कळतं ते मंत्रालयात बसून कळणार नाही, आणि दर पाच-सात वर्षांनी शेकडो नियम नव्याने तपासायचे तर तेवढी माणसं कुठल्याच सरकारी खात्यात नसतात. माझं म्हणणं एवढंच आहे, लिहू द्या त्यांनाच, पण शेवटचा शिक्का, अपील ऐकण्याचा अधिकार आणि तो कागद कोणाला वाचायला मिळणार हे ठरवणं, या तीन गोष्टी संघटनेच्या हातात राहता कामा नयेत. आज बऱ्याच ठिकाणी तिन्ही तिच्याकडेच असतात.

जुना_जलवाहक

चांगला विषय. मी पाणीपुरवठ्यातच आयुष्य घालवलंय त्यामुळे संघटनांची बाजू मांडतो.

बाहेरच्या माणसाला स्टँडर्ड म्हणजे रुक्ष आकडे वाटतात, पण त्यातला एकेक आकडा कोणाच्या तरी अनुभवातून आलेला असतो. एडब्ल्यूडब्ल्यूएचं सी ६५१ घ्या, नवीन टाकलेली किंवा दुरुस्त केलेली मुख्य लाईन निर्जंतुक कशी करायची याचं. त्यातली एक पद्धत अशी की लाईनमध्ये लिटरला किमान २५ मिलिग्रॅम क्लोरीन असलेलं पाणी भरायचं, २४ तास तसंच ठेवायचं, आणि त्यानंतर मोजलं तर किमान १० मिलिग्रॅम शिल्लक राहिलेलं दिसलं पाहिजे. २४ तासांनी मोजायची अट का? कारण आत माती, गाळ, सेंद्रिय घाण राहिली असेल तर ती क्लोरीन खाऊन टाकते. म्हणजे शिल्लक राहिलेला क्लोरीन हा लाईन आधी नीट धुतली की नाही याचा पुरावा आहे. मग पाणी सोडून द्यायचं, नमुने घ्यायचे, जंतूंची तपासणी नीट आली की मगच लाईन जोडायची. आणि सोडून दिलेलं पाणी ओढ्यात जाऊन मासे मरू नयेत म्हणून त्यातला क्लोरीन कसा मारायचा, तेही लिहिलेलं असतं.

हे कुठल्या कायदा करणाऱ्या माणसाला सुचेल? लाईन टाकणारा कॉन्ट्रॅक्टर, लॅबमधला केमिस्ट आणि पाणीपुरवठ्याचा ऑपरेटर एका टेबलाशी बसले तरच हे लिहून होतं. आणि एक सांगतो, या कमिट्यांवरचे बहुतेक लोक विनामोबदला काम करतात, आपली नोकरी सांभाळून रात्री ड्राफ्ट वाचतात, त्यांच्याकडे सरसकट संशयाने बघणं मला पटत नाही.

मंजूषा_क

जुना_जलवाहक, कमिटीतल्या माणसांच्या हेतूबद्दल कोणीच बोलत नाहीये हो. पण संघटना आली की तिचा माल पण येतो. शिशाच्या पाईपांचं घ्या.

शिसं विषारी आहे हे १९२० च्या दशकात काही गुपित नव्हतं, अमेरिकेतली बरीच शहरं तेव्हा शिशाचे पाईप टाकणं बंद करायला लागली होती. १९२८ मध्ये शिशाच्या उद्योगाने स्वतःची संघटना काढली, लेड इंडस्ट्रीज असोसिएशन, आणि तिची माणसं शहरोशहरी जाऊन पाणी खात्यांना, प्लंबरांच्या संघटनांना, स्थानिक प्लंबिंग नियम लिहिणाऱ्यांना भेटत राहिली, की शिसं टिकाऊ आहे, वाकवायला सोपं आहे, नियमात राहू द्या. त्याचा परिणाम असा की शिशाचा पाईप कित्येक नियमांमध्ये पुढची काही दशकं मान्य राहिला. देशपातळीवर नवीन शिशाच्या पाईपांना बंदी आली १९८६ मध्ये!!

आणि १९८६ च्या त्या कायद्यातसुद्धा नळ, व्हॉल्व्ह, फिटिंगमध्ये ८ टक्क्यांपर्यंत शिसं असलं तरी त्याला शिसंमुक्त म्हणायची मुभा होती. पितळ घडवायला सोपं जावं म्हणून त्यात शिसं घालतात, म्हणून ही सूट. ती २०११ च्या दुरुस्तीने ०.२५ टक्क्यांवर आणली आणि ती लागू झाली २०१४ मध्ये. म्हणजे १९२८ ते २०१४. मधल्या काळात जमिनीत गाडलेले पाईप अजून उकरून काढायचं काम चाललंय. आणि नियमात एक ओळ राहिली तर ती पुढची शंभर वर्षं जमिनीत राहते, हे पाणी आणि गॅसच्या बाबतीत खास लक्षात ठेवलं पाहिजे, इथे माल एकदा पुरला की कोणी बघत नाही.

प्रवाही

मंजूषा, हे फार महत्त्वाचं आहे आणि त्यातून एक फरक नीट करावा लागेल, आपण "संघटना" म्हणून तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतोय.

एक म्हणजे तांत्रिक संघटना, जिथे सेवा चालवणारे आणि इंजिनियर असतात. दुसरी म्हणजे पुरवठा कंपन्यांची आर्थिक संघटना, जी दर, कर, धोरण यावर सरकारशी बोलते. तिसरी म्हणजे मालाची संघटना, शिसं, तांबं, पीव्हीसी, बिडाचे पाईप वगैरे. लेड इंडस्ट्रीज असोसिएशन ही सरळ तिसऱ्या प्रकारची, तिला पाणीपुरवठ्याशी देणंघेणं फक्त खप म्हणून होतं.

जर्मनीत पहिली आणि दुसरी मुद्दाम वेगळी ठेवलीय, तांत्रिक नियम डीव्हीजीडब्ल्यूकडे आणि धंद्याचं राजकारण बीडीईडब्ल्यू नावाच्या संघटनेकडे, जी २००७ मध्ये चार संघटना मिळून झाली. सभासद कंपन्या बऱ्याचशा त्याच आहेत त्यामुळे भिंत काही अभेद्य नाही, पण निदान नियम लिहिणारी समिती आणि दर वाढवून मागणारं शिष्टमंडळ एकाच ऑफिसातून निघत नाही. मला वाटतं ही वेगळेपणाची अट सगळीकडे असावी.

तटस्थ

अमेरिकेतल्या पाणी संघटनेत ती भिंत नाही, हे आत्ताचं उदाहरण. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने पिण्याच्या पाण्यातल्या पीएफएएस रसायनांवर (माणसाने बनवलेली, निसर्गात सहज न विघटणारी रसायनं) पहिल्यांदा मर्यादा घातल्या, त्यातल्या दोन मुख्य रसायनांना ४ भाग प्रति ट्रिलियन. जून २०२४ मध्ये एडब्ल्यूडब्ल्यूए आणि मोठ्या पाणी खात्यांची संघटना दोघी मिळून त्या नियमाविरुद्ध कोर्टात गेल्या. त्यांचा मुद्दा होता की खर्चाचा अंदाज फार कमी धरलाय आणि काही रसायनांच्या बाबतीत प्रक्रिया नीट पाळली नाही.

मुद्दा खोटा आहे असं मी म्हणत नाही, लहान गावच्या पाणी योजनेला कार्बन फिल्टर परवडणार नाहीत हे खरंच असू शकतं, शेवटी तो खर्च पाणीपट्टीतूनच येणार. पण जी संघटना फिल्टरच्या कार्बनचं स्टँडर्ड लिहिते तीच पाण्याची मर्यादा किती कडक असावी यावर सरकारला कोर्टात खेचते, तेव्हा सामान्य माणसाने तिच्या तांत्रिक मताकडे कसं बघायचं?

जुना_जलवाहक

तटस्थ, यात मला उलट वाटतं. पाण्यात काय किती असावं ही मर्यादा आरोग्याची आहे, ती सरकारनेच ठरवायची, संघटनेने कधीच ठरवलेली नाही. संघटना कोर्टात गेली म्हणजे सरळ उघडपणे, आपल्या नावाने, कागदोपत्री बाजू मांडली, आणि निकाल देणारा तिसराच. मला जास्त भीती बंद खोलीतल्या कमिटीत हळूच बदललेल्या वाक्याची वाटते. कोर्टातली लढाई निदान सगळ्यांना दिसते.

न्यायवेडी

बंद खोलीतल्या वाक्याचा विषय निघालाच आहे तर तीन खटले सांगते, तिन्ही वाचण्यासारखे आहेत.

पहिला हायड्रोलेव्हल, अमेरिका, सुप्रीम कोर्ट १९८२. बॉयलरमधलं पाणी कमी झालं की इंधन आपोआप तोडणारं उपकरण असतं. त्या बाजारात एक कंपनी मोठी होती आणि हायड्रोलेव्हल नावाच्या छोट्या कंपनीने नवीन रचनेचं उपकरण आणलं, त्यात थोड्या वेळाचा विलंब ठेवलेला होता. बॉयलरचे नियम लिहिणारी संघटना एएसएमई, आणि तिच्या त्या उपसमितीचा उपाध्यक्ष होता त्या मोठ्या कंपनीतलाच अधिकारी. मोठ्या कंपनीने संघटनेला पत्र पाठवून विचारलं की असा विलंब नियमात बसतो का. पत्राचा मसुदा करण्यात उपसमितीचे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघांचाही हात होता, आणि उत्तरही त्याच अध्यक्षांच्या हातून तयार होऊन संघटनेच्या लेटरहेडवर गेलं, की असं उपकरण भरवशाचं नाही असा अर्थ निघेल. मग ते उत्तर घेऊन मोठ्या कंपनीचे विक्रेते गिऱ्हाइकांकडे गेले. हायड्रोलेव्हल शेवटी भंगाराच्या भावात विकली गेली. कोर्टाने संघटनेलाच जबाबदार धरलं, तिला त्यातून काही फायदा झाला नसतानाही, कारण तिच्या नावाचं वजन वापरायची संधी तिनेच या लोकांना दिली होती.

दुसरा अलाईड ट्यूब, १९८८. हा विजेच्या वायरींच्या नळीचा आहे पण पद्धत बघा. प्लास्टिकच्या नळीला अग्निसुरक्षा संघटनेच्या नियमात मान्यता मिळणार होती, तर स्टीलच्या नळीवाल्यांनी फक्त मतदानासाठी २३० माणसं सभासद करून १९८० च्या वार्षिक सभेला आणून बसवली आणि प्रस्ताव ३९४ विरुद्ध ३९० मतांनी पडला. चार मतं! कोर्टाने सांगितलं की सरकार तुमचा नियम जसाच्या तसा उचलत असलं तरी म्हणून तुम्ही विधिमंडळ होत नाही, तुम्हाला स्पर्धा कायदा लागू आहे.

आणि तिसरा या धाग्यासाठी सगळ्यात जवळचा, फ्रा.बो विरुद्ध डीव्हीजीडब्ल्यू, युरोपियन न्यायालय, १२ जुलै २०१२. फ्रा.बो ही तांब्याच्या पाईपांचे जोड बनवणारी इटालियन कंपनी, तिला २००० मध्ये डीव्हीजीडब्ल्यूचं सर्टिफिकेट मिळालेलं. नंतर डीव्हीजीडब्ल्यूने आपल्या नियमात नवी टेस्ट घातली, सीलचं रबर ११० अंशाच्या पाण्यात ३००० तास ठेवायचं. ३००० तास म्हणजे चार महिन्यांच्या वर. कंपनीने ती टेस्ट केली नाही, २००५ मध्ये सर्टिफिकेट रद्द. डीव्हीजीडब्ल्यू म्हणालं आम्ही खाजगी संस्था, युरोपातल्या मुक्त व्यापाराचे नियम सरकारांना लागू होतात, आम्हाला नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. जर्मन कायदा त्या सर्टिफिकेटलाच पुरावा मानतो, असे जोड प्रमाणित करणारी दुसरी संस्था नाही आणि सर्टिफिकेट नसलेला माल तिथे जवळजवळ कोणी घेत नाही, म्हणजे बाजाराचं दार प्रत्यक्षात तुमच्याच हातात आहे, मग सरकारला लागू होणारं बंधन तुम्हालाही लागू.

३००० तासांची टेस्ट चूक होती असं न्यायालयाने म्हटलेलं नाही हे मुद्दाम सांगते. गरम पाण्याच्या लाईनीतलं सील भिंतीच्या आत पन्नास वर्षं टिकायचं असेल तर अशी टेस्ट योग्यही असू शकते. प्रश्न एवढाच की ती लादण्याचा अधिकार वापरणाऱ्याला कोणी विचारायचं की नाही.

प्रवाही

न्यायवेडी, मनापासून आभार. मूळ पोस्टमध्ये अपीलबद्दल जे म्हणत होतो ते नेमकं हेच. फ्रा.बो ला न्याय मागायला युरोपियन न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि मधली सात वर्षं गेली, हायड्रोलेव्हल तर तोवर उरलीच नाही. संघटनेच्या बाहेर, तीन-चार महिन्यांत निर्णय देणारी तांत्रिक जाण असलेली यंत्रणा असती तर?

निळी_ज्योत

गॅसबद्दल अजून फारसं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी गॅस वितरणात आहे.

आधी वासाचं. नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो. १८ मार्च १९३७ ला टेक्सासमध्ये न्यू लंडन इथे शाळेखाली गॅस साठून स्फोट झाला, तीनशेच्या आसपास मुलं आणि शिक्षक गेले, कोणालाच वास आला नव्हता. त्यानंतर काही आठवड्यांतच वास मिसळायची सक्ती झाली. वास मिसळायचं तंत्र काही तेव्हा शोधावं लागलं नाही, ते धंद्याला आधीपासून माहीत होतं. मंजूषांच्या मुद्द्याला हे जोडून घ्या, माहिती संघटनेकडे असते पण सक्ती करायला कायदाच लागतो. आणि सक्तीनंतर पुन्हा तपशील लागतातच, अमेरिकेतला नियम सांगतो की हवेत गॅसचं प्रमाण स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (ज्या किमान प्रमाणाला स्फोट होऊ शकतो त्याच्या) एक पंचमांश झालं की साधारण नाकाला तो कळला पाहिजे, म्हणजे हवेत साधारण एक टक्का गॅस. पण मिसळायचं रसायन किती, लाईनच्या टोकाला वास टिकतो का, नव्या स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या पाईपमध्ये सुरुवातीला रसायन शोषलं जाऊन वास कमी होतो त्याचं काय करायचं, हे सगळं संघटनांच्या तांत्रिक कागदांमध्ये असतं.

दुसरं ब्रिटनचं. १६ मे १९६८ ला लंडनमधल्या रोनन पॉईंट या २२ मजली इमारतीत १८ व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला, चार माणसं गेली. गॅसच्या शेगडीला लाईन जोडणारा पितळी नट कमअस्सल निघाला. एक नट! इमारतीची रचना कमकुवत होती हा वेगळा आणि मोठा विषय, पण गॅसच्या बाजूने त्यातून १९७० मध्ये कॉर्गी नावाची फिटरांची नोंदणी सुरू झाली, ती धंद्यानेच काढलेली आणि ऐच्छिक. १९९१ मध्ये ती नोंदणी कायद्याने सक्तीची केली. आणि २००९ च्या १ एप्रिलपासून सरकारी सुरक्षा यंत्रणेने ते काम कॉर्गीकडून काढून गॅस सेफ रजिस्टरकडे दिलं. म्हणजे ऐच्छिक, मग सक्तीची, मग सरकार म्हणतं की रजिस्टर चालवायचं काम ठराविक मुदतीचं कंत्राट आहे आणि ते आम्ही दुसऱ्याला देऊ शकतो. ही व्यवस्था मला सगळ्यात पटते.

मंजूषा_क

निळी_ज्योत, हायड्रोजनबद्दल पण सांगा ना. त्यात तर गॅस संघटना स्वतःचं अस्तित्व टिकवण्यासाठीच नियम बदलतायत असा आरोप होतोय.

निळी_ज्योत

सांगतो, थोडं लांब होईल.

गॅसच्या शेगडीला किंवा बॉयलरला गॅसचं नाव कळत नाही, त्याला कळतो तो वॉबी इंडेक्स, म्हणजे त्याच प्रेशरला त्याच जेटमधून गॅस गेला तर किती उष्णता मिळेल याचं माप. तो इकडेतिकडे गेला की ज्योत पिवळी पडते, कार्बन मोनॉक्साईड वाढतो किंवा ज्योत उडते. त्यामुळे गॅसचा दर्जा हे सगळ्या नियमांचं मूळ. आणि इथे संघटनांची मर्यादा दिसते, २०१५ मध्ये युरोपचं एकत्रित गॅस स्टँडर्ड ईएन १६७२६ आलं त्यात वॉबी इंडेक्सचीच मर्यादा नव्हती! कारण एकमत झालं नाही. पुरवठादारांना रुंद पट्टा हवा म्हणजे कुठूनही गॅस आणता येतो, उपकरणवाल्यांना अरुंद हवा म्हणजे मशीन नीट चालतं, आणि एकमताची अट असली की सगळ्यात महत्त्वाचा आकडाच गळतो.

आता हायड्रोजन. तेवढ्याच आकारमानात त्याची ऊर्जा नैसर्गिक गॅसच्या साधारण एक तृतीयांश, पण तो फार हलका असल्यामुळे जेटमधून जास्त जातो म्हणून वॉबी इंडेक्स तितका पडत नाही. अडचण दुसरी आहे, ज्योत फार वेगाने पसरते, बर्नरच्या आत मागे शिरू शकते. डीव्हीजीडब्ल्यूने २०२१ मध्ये आपल्या जी २६० या गॅस दर्जाच्या नियमात हायड्रोजनला स्वतंत्र पाचवा गट म्हणून घेतलं. तांत्रिक दृष्टीने मला ते योग्य वाटतं, पाईपातून काहीही जाणार असेल तर त्याचा दर्जा आधी लिहिलेला असलाच पाहिजे. पण हायड्रोजन लाईनमध्ये कसा सुरक्षित घालायचा हा एक प्रश्न आणि घरं गरम करायला तो घालावा का हा दुसरा, दुसऱ्याचं उत्तर गॅस संघटनेने द्यायचं नाही. तिच्या सभासदांची सगळी मालमत्ता जमिनीतले पाईप आहेत, ते रिकामे पडलेले त्यांना कसे चालतील. म्हणून मंजूषांचा संशय मला रास्त वाटतो, माझ्याच क्षेत्राबद्दल असला तरी.

रानवारा

इतका वेळ नुसता वाचत होतो. एक बाजू राहिलीय ती म्हणजे स्टँडर्ड असूनही न पाळणं. १९०४ मध्ये बाल्टिमोर शहराला मोठी आग लागली, वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावून आले आणि बऱ्याच जणांचे होस तिथल्या हायड्रंटला बसलेच नाहीत, आटे वेगळे. दीड हजारांवर इमारती जळाल्या. पुढच्याच वर्षी अग्निसुरक्षा संघटनेने होसच्या जोडाचं राष्ट्रीय माप ठरवलं. आणि १९९१ मध्ये, म्हणजे ८६ वर्षांनी, ओकलंडच्या टेकड्यांवर आग लागली तेव्हा तिथले हायड्रंट तीन इंची आणि बाहेरून आलेल्या बंबांचे जोड अडीच इंची! संघटना माप ठरवू शकते, शहराला हायड्रंट बदलायला लावू शकत नाही. त्याला पैसा लागतो आणि सक्ती लागते.

तटस्थ

कागद वाचायला मिळण्याच्या मुद्द्यावर कोणी बोललं नाही. कायदा ज्या नियमाकडे बोट दाखवतो तो नियम विकत घ्यावा लागतो हे मला सगळ्यात खटकतं. लहान प्लंबरने किंवा चार माणसांच्या वर्कशॉपने सगळे संबंधित नियम घ्यायचे, दर आवृत्तीला परत घ्यायचे. मोठ्या कंपनीला तो किरकोळ खर्च आहे, लहानाला नाही. आणि ज्याच्या घरात गळती झाली त्याला तर नियमात काय लिहिलंय हे कळायचा मार्गच नाही.

संघटना म्हणतात की नियम लिहिण्याचा खर्च विक्रीतूनच निघतो, आणि त्यात तथ्य आहे. पण कोर्टं हळूहळू दुसऱ्या बाजूला झुकतायत. अमेरिकेत २०२३ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की कायद्यात समाविष्ट झालेली स्टँडर्ड ना-नफा संस्थेने लोकांसाठी फुकट टाकली तर तो कॉपीराईटचा भंग नाही. युरोपियन न्यायालयाने ५ मार्च २०२४ ला म्हटलं की सामायिक युरोपियन स्टँडर्ड हे कायद्याचाच भाग आहेत आणि ते बघायला मिळण्यात मोठं सार्वजनिक हित आहे.

जुना_जलवाहक

तटस्थ, यावर मी पूर्ण सहमत, फक्त एक विचारतो, विक्री थांबली तर कमिटीचा सेक्रेटरी, लॅबमधल्या टेस्ट, प्रवास याचा खर्च कोण देणार? सभासद कंपन्यांनी दिला तर त्यांचं वजन अजून वाढणार. सरकारने दिला तर दर बजेटला कात्री. मला वाटतं पुरवठ्याच्या बिलातच अगदी छोटा हिस्सा राखून ठेवावा आणि तो नियामकाकडून संघटनेला मिळावा, सरळ कंपन्यांकडून नको. नियम सुरक्षित असण्याचा फायदा शेवटी प्रत्येक नळाला आणि प्रत्येक शेगडीला होतो.

न्यायवेडी

वर कमिटीत कोण बसतं यावर चर्चा अर्धवट राहिली. अमेरिकेतल्या एएनएसआयच्या, म्हणजे स्टँडर्ड कसं लिहायचं याची पद्धत ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या नियमात समतोलाची अट आहे, सुरक्षेसंबंधी स्टँडर्ड लिहिणाऱ्या गटात कुठल्याही एका हितसंबंधाचे लोक एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावेत. अलाईड ट्यूबसारखी सभा भरवून मतं फिरवणं त्यामुळे अवघड होतं. पण खुर्ची ठेवली तरी तिच्यावर बसायला माणूस लागतो. ग्राहकांच्या बाजूने बैठकांना यायला ना कोणाकडे वेळ ना पैसा, उत्पादकाच्या माणसाला मात्र त्याचाच पगार मिळतो. म्हणून माझ्या मते प्रवासखर्च आणि मानधन ग्राहक प्रतिनिधींना आधी द्यावं, बाकीच्यांना नंतर.

प्रवाही

न्यायवेडी, मान्य. आणि पाण्याच्या बाबतीत युरोपात एक बदल होतोय तो इथे नोंदवतो. पाण्याला लागणाऱ्या मालाची, म्हणजे पाईप, रबर, धातू, सिमेंट यांची आरोग्याच्या दृष्टीने तपासणी आतापर्यंत प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने करायचा, बऱ्याच ठिकाणी ती तांत्रिक संघटनांच्या सर्टिफिकेटांवर चालायची. २०२० च्या पिण्याच्या पाण्याच्या निर्देशाने ते सगळीकडे एकसारखं करायचं ठरवलं, कुठले पदार्थ चालतील त्याच्या याद्या युरोपियन पातळीवर, आणि हे लागू होणार ३१ डिसेंबर २०२६ पासून. शिशाची मर्यादाही लिटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर यायचीय, २०३६ पर्यंत. म्हणजे कुठला पदार्थ पाण्याला लागू द्यायचा हे सार्वजनिक संस्था ठरवणार, आणि तो पाईप जमिनीत कसा टाकायचा, कसा जोडायचा, कसा धुवायचा हे संघटना लिहीत राहणार. जुना_जलवाहकांनी सांगितलेलं सी ६५१ सारखं ज्ञान त्यामुळे कुठेही वाया जात नाही.

सावनी_प

सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं. एक साधा प्रश्न, माझ्यासारख्या कुठल्याच कंपनीत नसलेल्या माणसाला यात काही बोलता येतं का? की फक्त सभासदांनाच?

न्यायवेडी

येतं सावनी, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. नियम पक्का व्हायच्या आधी त्याचा मसुदा हरकतींसाठी खुला करतात, एएनएसआयच्या पद्धतीत मसुद्याची लांबी आणि तो कसा मिळतो यावरून ३०, ४५ किंवा ६० दिवस. सभासद असायची अट नाही. "हे कलम चूक आहे" एवढंच लिहिलं तर उपयोग होत नाही, कलमाचा नंबर, सध्याचं वाक्य, तुम्ही सुचवता ते वाक्य आणि कारण असं चारही लिहायचं. मग कमिटीला तुमच्या हरकतीवर विचार करून निर्णय कारणासकट लेखी कळवावाच लागतो, आणि तो पटला नाही तर अपील करता येतं. हायड्रोलेव्हलसारखं पत्र ज्या दारातून आत गेलं त्याच दारातून सामान्य माणसाचं पत्रही जाऊ शकतं, आणि आता उत्तर एकट्या माणसाच्या सहीने येत नाही.

सावनी_प

धन्यवाद! घरातल्या गरम पाण्याच्या जोडांबद्दल एक मसुदा खुला आहे का ते बघते आणि सापडला तर इथेच टाकते, हरकत मिळून लिहूया.

निळी_ज्योत

नक्की टाका. सीलचं रबर आणि टेस्टचं तापमान ही कलमं मी बघतो, शिशाचं प्रमाण मंजूषांनी बघावं.